सायंकाळचा खेळ आणि त्याचा शेवट

गेल्या श्रावणांतील एका शनिवारीं सायंकाळीं आम्ही सहकुटुंब दूरचित्रवाणी-संचासमोर बसलों होतों. सात वाजतां एका कौटुंबिक मालिकेचा भाग लागला. त्यांत थोरल्या सुनेनें नसलेला अपराध आपल्या माथीं घेतला. त्यामागून दुसरी मालिका आली. तींत एक जुना वाडा विकला जातां जातां राहिला. नऊ वाजतां विनोदाचा कार्यक्रम सुरू झाला आणि लुगडें नेसून आलेल्या एका पुरुष नटानें आमच्या कन्येस पोट धरून हंसावयास लावलें. अखेरीस एका घरांत कोंडून घेतलेल्या दहापंधरा मंडळींचें भांडण दाखविण्यांत आलें. तें खरें कीं बनावट, यावरून आमच्याच घरांत दुसरें भांडण जुंपलें. साडेदहाला संच बंद झाला. साडेतीन तासांच्या अवधींत आम्ही रडलों, हंसलों आणि भांडलों; तरीही उठतांना कांहीं पाहून झालें असें वाटेना.

संच बंद होतांच घरांत जी क्षणभर शांतता पसरते, तींत आम्हांस एका प्रश्नाची उणीव भासली. आमच्या मातुःश्री हयात होत्या तोंवर ही शांतता प्रथम त्याच मोडीत. पदर सावरीत त्या उठत आणि विचारीत, "मग, शेवट काय झाला रे?" आम्ही हंसून म्हणत असूं, "आई, अजून संपलं नाही. उद्या आहे." त्यावर त्या पुटपुटत, "आमच्या वेळी उजाडायच्या आत संपायचं." त्यांचें माहेर गोदाकांठचें, पैठणच्या परिसरांतलें. लहानपणीं त्यांनीं देवळांतलीं कीर्तनें ऐकलीं होतीं, नाथषष्ठीच्या यात्रेंतलीं भारुडें पाहिलीं होतीं, आणि वडीलधाऱ्यांची नजर चुकवून भिंतीआडून तमाशाचा वगही ऐकला होता. प्रश्न म्हातारपणाचा, म्हणून आम्हीं तो कित्येक वर्षें हंसण्यावारी नेला. इतिहास शिकविणें हाच आमचा व्यवसाय. पण त्या प्रश्नांत इतिहासाचाच एक धडा दडलेला आहे हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं. तो धडा वाचकांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सुशिक्षितांच्या बैठकींत दूरचित्रवाणीविषयीं एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. ती अशी कीं, आतां रडण्याशेजारीं हंसणें, हंसण्याशेजारीं भांडण, आणि साऱ्यांच्या मधून जाहिराती, असा खिचडीचा प्रकार झाला आहे. पूर्वींची करमणूक एकजिनसी आणि अभिरुचिसंपन्न होती. ही तक्रार मनास पटते खरी, पण इतिहासास पटत नाहीं. महाराष्ट्राची सायंकाळ एकजिनसी अशी कधींच नव्हती. मिश्रण हाच तिचा जुना धर्म आहे.

याचा पुरावा शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. आमच्या शहरापासून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेपासून आणि आतांच्या छत्रपती संभाजीनगरापासून, सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठण आहे. तेथें १५९९ सालीं समाधिस्थ झालेल्या एकनाथांनीं भागवतावर टीका लिहिली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि त्याच हातांनीं भारुडेंही लिहिलीं. भारुडांत कोण नाहीं? जोशी आहे, वासुदेव आहे, गोंधळी आहे, भुत्या आहे, सासूला कंटाळलेली सून आहे, विंचू चावल्यानें कासावीस झालेला माणूस आहे. प्रत्येक जण आपल्या सोंगांत, आपल्या बोलींत, आपलेंच गाऱ्हाणें सांगतो, श्रोते हंसतात, आणि हंसतां हंसतां तें सोंग उलटून त्यांतून परमार्थ बाहेर पडतो. विद्वान् टीकाकार आणि सोंगाड्या ही जोडी एकाच पुरुषाच्या ठायीं नांदली, आणि महाराष्ट्रानें त्यांत कांहीं विसंगत मानलें नाहीं.

कीर्तनाची घडण पाहिली तरी हेंच दिसतें. नमन, मग पूर्वरंगांत तत्त्वाचें विवरण, मध्यंतरीं भजन, उत्तररंगांत आख्यान, आणि शेवटीं आरती. पूर्वरंगांत डुलक्या घेणारा श्रोता उत्तररंगांत सावरून बसे. आख्यानांतील रडें कांहींसें अनावर झालें म्हणजे बुवा एखादी नकल करून सभा हंसवीत. तमाशाची रचना तर याहूनही नेमकी. आरंभीं गण, म्हणजे गणेशाचें स्तवन, मग गौळण, तींत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा बोबडा सवंगडी पेंद्या, आणि पुरुषानेंच लुगडें नेसून वठविलेली मावशी, मग बतावणी, म्हणजे दोघा सोंगाड्यांचा हजरजबाबी विनोद, ज्यांत गांवच्या पाटलापासून सरकारच्या साहेबापर्यंत कोणाचीही फिरकी घेण्याची मुभा असे, मधून लावण्या, आणि सरतेशेवटीं वग, म्हणजे पूर्ण कथानकाचें नाट्य. शनिवारीं आमच्या कन्येस हंसविणारा तो नट नव्या युगाचें अपत्य नव्हता. तो मावशीचा वंशज होता. २०१४ सालीं 'झी मराठी' वाहिनीवर सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमांतील थुकरटवाडी, किंवा २०१८ पासून 'सोनी मराठी'वर आलेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', हीं बतावणीचींच आधुनिक ठाणीं होत. पाहुण्याची त्याच्या तोंडावर फिरकी घेणें, प्रसंग जुळवून क्षणांत मोडणें, वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी अशा बोलींची टक्कर लावणें, या साऱ्या जुन्याच युक्त्या आहेत.

आणि ज्यास 'रिॲलिटी शो' म्हणतात, ज्यांत खऱ्या माणसांची खरी चढाओढ दाखविल्याचा दावा असतो, त्याचेंही मूळ आमच्याकडे नाहीं असें नाहीं. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांचे सामने गांवोगांव होत. एकानें काव्यांतून कूट सवाल टाकावा, दुसऱ्यानें तेथल्या तेथें जबाब द्यावा, आणि भोंवतीं बसलेल्या गांवानें कोण जिंकला तें ठरवावें, अशी ती रीत होती. २००८-०९ मध्यें 'सारेगमप' या कार्यक्रमांत पांच बालगायकांनीं अवघा महाराष्ट्र वेडा केला. त्यांत आळंदीची कन्या विजयी झाली आणि आमच्या मराठवाड्यांतील लातूरचा एक मुलगाही अखेरच्या पांचांत होता. तेव्हां लोकांनीं भ्रमणध्वनीवरून मतें पाठविलीं. पूर्वीं ती पसंती पागोटें उडवून आणि दौलतजादा करून कळविली जाई, इतकाच फरक.

नागर रंगभूमीचीही गोष्ट वेगळी नाहीं. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, त्यांत सूत्रधाराशेजारीं विदूषक होताच. पुढें पौराणिक नाटकामागून प्रहसन करण्याची, म्हणजे लोकांच्या भाषेंत 'फार्स' लावण्याची, चालच पडली. देवदैत्यांचें युद्ध पाहून भारावलेला प्रेक्षक त्याच रात्रीं त्याच रंगमंचावर जरठ नवरदेवाची किंवा लबाड भटजीची फजिती पाहून घरीं जाई. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मालिका, विनोद आणि चढाओढ यांचें एका सायंकाळीं एकत्र येणें हा ऱ्हास नव्हे. ती परंपरा आहे.

मग आमच्या मातुःश्रींस उणें काय वाटत होतें? या सर्व जुन्या खेळांकडे पुन्हा पाहिलें म्हणजे उत्तर सांपडतें. कीर्तनास आरती होती. भारुडाच्या सोंगाचा उलगडा होता. सवालास जबाब होता. संगीत नाटकास भैरवी होती. वगांत राजानें कितीही अन्याय केला तरी झुंजूमुंजू होण्यापूर्वीं खरें-खोटें निवडलें जाई. हे खेळ नाना रसांचे होते, पण त्या सर्वांच्या शेवटीं एक दार होतें, आणि त्या दारांतून प्रेक्षक कांहींतरी पदरांत बांधून घरीं परत येत. वाटेनें त्यांची चर्चा चाले. राजानें असें करावयास नको होतें, राणीनें सोसलें तें बरोबर कीं चूक, यावर मतें पडत. शेवट झाल्यावांचून न्याय करितां येत नाहीं. कथेचा शेवट म्हणजे केवळ विश्रांति नव्हे. प्रेक्षकाच्या विवेकास बोलण्याची मिळालेली ती पाळी होय.

येथें कोणी म्हणेल कीं, खंडशः सांगितलेली गोष्ट तरी नवी कोठें आहे? तें खरें आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी गोष्टींतली शहरजादी रोज पहांटे गोष्ट अर्धी ठेवी, कारण गोष्ट संपली तर तिचे प्राण जाणार होते. परंतु तीसुद्धां एक हजार एकाव्या रात्रीं थांबली. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही यमूची कहाणी त्यांतून हप्त्याहप्त्यानें दिली. पुण्याच्या वाड्यांतून आठवड्याच्या अंकाची वाट पाहिली जात असे. 'पुढें चालूं' या दोन शब्दांची ओढ मराठी घरांस तेव्हांपासून ठाऊक आहे. पण हरिभाऊंस ठाऊक होतें कीं ही कहाणी कोठें जाणार आहे. केशवपनाच्या आणि बालवैधव्याच्या त्या दुःखाचा अंत त्यांनीं चुकविला नाहीं, म्हणूनच वाचकांस आपल्या घरांतल्या यमूकडे मान वळवून पाहावें लागलें. ती कादंबरी हप्त्यांनीं निघाली, पण हप्त्यांसाठीं निघाली नव्हती. या एका वाक्यांत पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं तिचा प्रयोग सुरू झाला. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली आणि पुढल्याच वर्षीं पुण्यास पोंचली. मराठवाडा मात्र बराच काळ या प्रकाशाच्या बाहेर राहिला. १९७५-७६ मध्यें उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यांत आंध्र, कर्नाटक, मध्यप्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओरिसा हीं राज्यें होतीं, महाराष्ट्र नव्हता. निजामी अंमलांतून १७ सप्टेंबर १९४८ रोजीं सुटलेल्या आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आलेल्या या प्रदेशास मुंबईचें चित्र पाहावयास मुंबईलाच जावें लागे. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचें जाळें विणलें गेलें, तेव्हां कोठें आमच्या गल्लींतल्या एका घरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा उभा राहिला. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. त्या घरच्या काकू दार सताड उघडें ठेवीत, आणि संच एक पण प्रेक्षक चाळीस, अशी ती सभा भरे. ती जवळजवळ कीर्तनाचीच सभा होती. पुढें मुलें, मागें बायका, उंबऱ्याबाहेर उभे पुरुष.

या पहिल्या काळांतील मराठी कार्यक्रमांचें स्वरूप लक्षांत घेण्यासारखें आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका झाली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांनीं पुस्तकांतल्या माणसांस कायमचे चेहरे दिले. 'गजरा' या कार्यक्रमांत लहान लहान नाटुकलीं गुंफलेलीं असत, आणि त्याचें नांवच सांगतें कीं मिश्रण तेव्हांही होतें. मालिका आठवड्यांतून एकदां येई. तेरा भागांची, फार तर सव्वीस किंवा बावन्न भागांची मंजुरी मिळे. लेखकास आरंभींच ठाऊक असे कीं आपणांस किती पावलें चालावयाचें आहे.

१९८४ च्या जुलैंत 'हम लोग' आली. मेक्सिकोंत मालिकांतून कुटुंबनियोजनाचा व स्त्रियांच्या स्थितीचा प्रचार झाला होता. त्या धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनीं ती लिहिली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन घडल्या गोष्टीचें तात्पर्य सांगत व प्रेक्षकांस प्रश्न विचारीत. उत्तररंग संपवून बुवांनीं निरूपण करावें, तसाच तो प्रकार. दीडशेंहून अधिक भागांनंतर १९८५ च्या डिसेंबरांत ती संपली. १९८७ च्या जानेवारींत आलेली 'रामायण' १९८८ च्या जुलैंत संपली. ती संपूं नये, उत्तरकांडही दाखवावें, यासाठीं उत्तरेंत सफाई कामगारांनीं संप केला, हें येथें नमूद केलें पाहिजे. कारण शेवट नको असणारा प्रेक्षकही आपल्यांतच असतो, आणि सारा दोष वाहिन्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

खरें वळण त्यानंतरचें. 'दामिनी' या मालिकेनें दूरदर्शनवर मराठी मालिका दररोज येऊं लागली. १५ ऑगस्ट १९९९ रोजीं 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली, जी पुढें 'झी मराठी' झाली; २००० सालीं 'ई-टीव्ही मराठी' आली, तिचें २०१५ मध्यें 'कलर्स मराठी' असें नामांतर झालें; २००८ सालीं 'स्टार प्रवाह' आली. 'आभाळमाया'नें या नव्या युगाचा आरंभ केला, आणि नोकरी करणाऱ्या सुशिक्षित स्त्रीचें दुःख घरोघर बोललें जाऊं लागलें, हें श्रेय तिला दिलें पाहिजे. मग २००१ सालीं सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. शहरजादी एक हजार एकांत थांबली होती. मराठी सासू तिला तिपटीनें मागें टाकून गेली.

असें कां झालें, याचें कारण कोणा लेखकाची हौस नव्हे. तें व्यवहारांत आहे. अमेरिकेंत १९३० नंतर साबणाच्या कारखानदारांनीं दुपारीं घरीं असणाऱ्या स्त्रियांसाठीं नभोवाणीवर अखंड कथा चालविल्या, आणि त्यांस 'सोप ऑपेरा' हें नांव पडलें. तेथून हें बीज जगभर गेलें. ठराविक वेळीं ठराविक जागीं जमणारा प्रेक्षक ही वाहिनीची मिळकत असते. ती मिळकत ती जाहिरातदारास भाड्यानें देते. कथा संपविणें म्हणजे जमलेली सभा आपल्या हातानें उठविणें. उभारलेला वाड्याचा देखावा, करारानें बांधलेले नट, प्रेक्षकांस जडलेली सवय, हें सारें एका शेवटानें वाया जातें. म्हणून दर गुरुवारीं प्रेक्षकसंख्येचे आंकडे येतात आणि त्यांवरून कथेचें भवितव्य ठरतें. आंकडे चढते असतील तर मेलेला परत येतो, हरवलेली जुळी बहीण सांपडते, किंवा 'कांहीं वर्षांनंतर' अशी पाटी दाखवून नायिकेची मुलगी एकाएकीं लग्नाची होते. आंकडे उतरते असतील तर दोन वर्षें गुंतविलेला गुंता दोन आठवड्यांत सोडवून मंडळी मोकळी होतात. कथा कोणी एक लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. आणि पुढल्या आठवड्याचे संवाद या आठवड्यांत लिहिले जातात. या घाईंत काम करणाऱ्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे. पण जेथें शेवट कोणाच्याच हातीं नाहीं, तेथें अर्थही कोणाच्याच हातीं राहत नाहीं.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं सायंकाळचे सारेच खेळ या दोषाचे धनी नाहींत. २००४ पासून कित्येक वर्षें आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमांत घरोघर जात, गृहिणींस बोलतें करीत, खेळ खेळवीत, आणि जिंकणारीस पैठणी देत. ज्या वस्त्रास आमच्या पैठणनें आपलें नांव दिलें, तें अशा रीतीनें महाराष्ट्राच्या प्रत्येक आळींतल्या स्त्रीच्या स्वप्नाचें झालें. त्या खेळास रोज शेवट होता. पैठणी खांद्यावर पडली कीं सभा समाधानानें उठे. आमच्या मातुःश्रींनीं त्या कार्यक्रमानंतर आपला प्रश्न कधींही विचारला नाहीं, हें आतां आठवतें. विनोदी प्रहसनांचेंही तसेंच. हंसूं फुटलें कीं त्यांचें काम झालें. हास्यास उद्यांची उधारी चालत नाहीं, म्हणूनच आजच्या सायंकाळचा तो भाग आम्हांस सर्वांत निरोगी वाटतो.

'बिग बॉस'ची गोष्ट निराळी. हॉलंडांत १९९९ सालीं 'बिग ब्रदर' या नांवानें हा खेळ निघाला. तें नांव जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरींतून उचललेलें आहे, आणि तेथें तें सर्वांवर नजर ठेवणाऱ्या जुलमी सत्तेचें नांव आहे. ज्याची भीति बाळगावी म्हणून लेखकानें तें योजिलें, तेंच पन्नास वर्षांनीं करमणुकीचें नांव व्हावें, हा काळाचा विनोद कोणत्याही बतावणींत शोभला असता. मराठींत हा खेळ २०१८ सालीं आला. त्यास शेवट असतो; सुमारें शंभर दिवसांनीं एक जण जिंकतो. परंतु तो शेवट इतरांना एकामागून एक घराबाहेर घालविल्यानें येतो. भारुडांत सोंग घेतलेला माणूस अखेरीस आपलें खरें रूप दाखवी. येथें खऱ्या रूपानें आलेला माणूस दिवसेंदिवस सोंग चढवीत जातो. कलगी-तुऱ्यांत हरलेला शाहीर पुढल्या यात्रेस नवें कवन घेऊन येई, कारण तेथें चढाओढ विद्येची होती. येथें ती बहुतांशीं स्वभावाची आहे, आणि स्वभावांत हरलेल्या माणसानें पुन्हा काय घेऊन यावें?

मिश्र रंगांची सायंकाळ आणि तिचा सच्चा शेवट या दोहोंचा मेळ आमच्याच शहरांत, आमच्याच डोळ्यांदेखत, एका माणसानें घालून दाखविला होता. मराठवाडा विद्यापीठांतील नाट्यशास्त्राचे प्राध्यापक डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग करीत. एक उपरणें, एक माणूस, आणि पन्नासांहून अधिक पात्रें. मराठवाड्याच्या खेड्यांतलें एक वऱ्हाड विलायतेस लग्नाला निघतें, एवढीच गोष्ट. तींत मानापमान होते, भांडणें होतीं, विनोदाचा तर पूर होता. आणि शेवटीं मुलगी सासरीं पाठवितांना जो गळा दाटतो, तोही होता. विशेष हें कीं, मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर जी आमची बोली चाकरमान्या गड्याच्या तोंडीं केवळ हंशासाठीं घातली जाई, तींत त्यांनीं अवघें मनुष्यजीवन मावतें हें सिद्ध केलें. २००९ सालीं ते निवर्तले. त्यांच्या प्रयोगानंतर नाट्यगृहांतून बाहेर पडणारी माणसें एकमेकांशीं बोलत बाहेर पडत, हें आम्हीं पाहिलें आहे. तीन तासांत तेथें विनोद, नाट्य आणि खरें जीवन तिन्ही होतीं; आणि दारही होतें.

या विचारास पुष्टि देणारा एक प्रसंग २०२० सालीं घडला. मार्च महिन्यांत महामारीमुळें चित्रीकरणें थांबलीं आणि ज्या कथा कधींच थांबणार नाहींत असें वाटे, त्या एका आठवड्यांत थांबल्या. कोणाही प्रेक्षकाचें त्यावांचून अडलें नाहीं. उलट दूरदर्शननें २८ मार्चपासून तेहतीस वर्षांपूर्वींची 'रामायण' पुन्हां दाखविली, तेव्हां कोट्यवधि लोकांनीं ती पाहिली. तिचा शेवट प्रत्येकास ठाऊक होता. भयाच्या त्या दिवसांत माणसांनीं उत्कंठा मागितली नाहीं. जिला शेवट आहे अशी कथा मागितली. आमच्या मातुःश्रीही तेव्हां समोर बसत, आणि भाग संपल्यावर कांहीं न विचारतां हात जोडून उठत.

त्यानंतर त्यांचा एका मालिकेंत जीव गुंतला. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तींतली एक सून घराबाहेर काढली गेली होती आणि ती कधीं परत येते याची त्यांस काळजी होती. साडेतीन वर्षें ती काळजी त्यांनीं वाहिली. अखेरच्या आजारांत डोळे अधू झाले तेव्हां त्या ऐकत पडून राहत आणि आम्हांस विचारीत, "आली का रे ती घरी?" आम्ही सांगत असूं, "येईल, आई." ती आली नाहीं, आमच्या मातुःश्री गेल्या. पुढें चारपांच महिन्यांनीं आंकडे उतरले असावेत. मालिका बंद होणार असें समजलें. तिच्या शेवटच्या भागास आम्ही मुद्दाम बसलों, जणूं कोणाचें राहिलेलें देणें फेडावयाचें होतें. सून घरीं आली. पण कां आली, कोणीं क्षमा मागितली, एवढ्या दुःखाचा कोणास काय बोध झाला, यांतलें कांहीं सांगावयास वेळ उरला नव्हता. सर्वांनीं मिळून एक फोटो काढला आणि खालीं नव्या मालिकेची जाहिरात सरकूं लागली.

त्या रात्रीं आम्हांस मातुःश्रींच्या प्रश्नाचा अर्थ कळला. त्यांस कथेचा शेवट हवा होता तो कुतूहलापोटीं नव्हे. ज्या बाईसाठीं त्यांनीं साडेतीन वर्षें हळहळ केली, तिला न्याय मिळालेला पाहून मग स्वस्थ चित्तानें उठावें, एवढीच त्यांची इच्छा होती. मायेनें बसलेल्या प्रेक्षकाचें हें मागणें अवाजवी नव्हतें. चारशें वर्षांपूर्वीं पैठणच्या वाळवंटांत तें रोज पुरविलें जात होतें.

जुन्या यात्रा आणि जुने वग परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास असा हट्ट शोभत नाहीं. मालिका लिहिणाऱ्यांत गुणी माणसें आहेत आणि विनोद करणारे तर आमच्या मतें कोणत्याही काळीं नांव काढते. त्यांच्या धन्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, शंभर-दोनशें भागांत संपणारी कथा आरंभींच तशी जाहीर करून पाहावी. प्रेक्षक तिच्यामागून पुढल्या कथेस येईल. पण वाहिन्यांनीं ऐकेपर्यंत गृहस्थांनीं हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. आमच्या घरांत आतां एक रीत पडली आहे. संच बंद झाल्यावर पांच मिनिटें कोणी उठत नाहीं. आमची कन्या आपल्या आजीचा प्रश्न आजीच्याच स्वरांत विचारते, आणि पाहिलेल्या गोष्टीचा शेवट काय व्हावा तें प्रत्येकानें सांगावयाचें असतें. मतें जुळत नाहींत, कधीं आवाज चढतो, पण सभा उठते ती कांहींतरी ठरवून. वाहिनीनें अडवून ठेवलेलें दार आम्हीं घरच्या घरीं उघडून घेतलें आहे. गेल्या शनिवारीं त्या थोरल्या सुनेचा निकाल आमच्या कन्येनें दिला: तिनें दुसऱ्याचा अपराध आपल्या माथीं घेऊं नये, उठून खरें काय तें सांगावें. मालिका तो निकाल केव्हां मानील तें मानो. आमच्या घरापुरता त्या रात्रीं खेळ संपला.